फिरते घर : जिंतूर ते भुलेश्वर

जिंतूरला रेल्वे नाही. मुंबईस जायचे म्हणजे आधी परभणी किंवा सेलू गाठायचे आणि मग गाडीची वाट पाहायची. देवगिरी एक्सप्रेस रात्रीची. तपोवन दिवसाची खरी, पण मुंबईत पाय टेकेपर्यंत रात्र होते. अलीकडे नांदेडहून निघणारी वंदे भारत दुपारी मुंबईत पोहोचवते. परंतु ती परभणीस उजाडण्यापूर्वी येते. ज्या घरात सूर्योदयानंतर अभिषेक-पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेतला जात नाही, त्या घरातील पंचाहत्तरीच्या आजींना यांपैकी एकही गाडी सोयीची नव्हती.

घर भुसार व्यापाऱ्याचे. आजींची धाकटी बहीण भुलेश्वरच्या एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. नऊ वर्षांत दोघींची भेट नाही. पूर्वी धाकटी दिवाळीनंतर नेमगिरीच्या दर्शनास येत असे, तेव्हा भेट होई. आता तिला चाळीचे जिने उतरवत नाहीत. आजींच्या पाठीचे दुखणे जुने. वैद्यकीय सल्ला असा, की दोन तासांपेक्षा अधिक सलग बसू नये. बाहेरचे अन्न त्यांना चालत नाही, रात्री पाणीही नाही. अशा परिस्थितीत दोन बहिणींनी दूरध्वनीवरच समाधान मानले होते. मागील महिन्यात धाकटीने बोलता बोलता सहज म्हटले, “अक्का, आता तू येशील तरच.” त्या वाक्याने घरातील सगळे गप्प झाले.

पुण्यात शिकणाऱ्या नातवाने तोडगा सुचवला : कॅराव्हॅन. झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, शौचालय, सर्व काही गाडीतच. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण स्वीकारले; तेव्हापासून पुण्या-मुंबईकडे अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या आहेत. अण्णांनी, म्हणजे आजींच्या चिरंजीवांनी, पहिला प्रश्न व्यापाऱ्याला शोभेल असाच विचारला, “भाडे कुठून मोजणार?” उत्तर अपेक्षेप्रमाणे होते : गाडी पुण्याच्या गॅरेजमधून निघाल्यापासून परत तिथे पोहोचेपर्यंत. म्हणजे जिंतूरपर्यंतचे रिकामे येणे आणि रिकामे जाणेही गिऱ्हाइकाच्याच माथी. जमाखर्चाच्या वहीत ही गाडी उतरत नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. पाच माणसांचे रेल्वेचे भाडे यापुढे किरकोळ ठरते. अण्णांनी आकडा ऐकला, चष्मा काढून ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाले, “ठीक आहे. हा खर्च दुकानाच्या खात्यात धरायचा नाही.”

कोणती गाडी घ्यावी, याबाबत मात्र त्यांनी कसूर केली नाही. जुन्या व्हॅनमध्ये सुताराकडून पलंग ठोकून घेतलेल्या गाड्याही कमी भाड्यात मिळतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनात असा बदल नोंदणी पुस्तकात चढवल्याशिवाय करता येत नाही. अपघात झाल्यास विम्याचाही घोळ होतो. तेव्हा नोंदणी पुस्तकाची प्रत आधी पाहायची, मग इसारा द्यायचा, असे ठरले. दुसरी गोष्ट नातवाच्या उत्साहाला थोडी मुरड घालणारी होती. गाडी चालू असताना ओट्याशी उभे राहणे किंवा पलंगावर आडवे होणे धोक्याचे. चालत्या गाडीत प्रत्येकाने आसनावर पट्टा बांधूनच बसायचे. मग पलंगाचा उपयोग काय? उपयोग एवढाच, की दर दोन तासांनी गाडी थांबवून आजींना अर्धा तास पाठ टेकता येईल. रेल्वेला तसे थांबवता येत नाही. चूलही थांब्यावरच पेटणार.

सहल किती दिवसांची असावी, हे कॅलेंडरने ठरवले नाही. ते पिठाने ठरवले. दिगंबर आम्नायात दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस मानली जाते. घरच्या जात्यावरचे पीठ घेऊन निघायचे तर हिवाळा हाच ऋतू आणि सात दिवस ही कमाल सीमा. पाण्याचे गणित याहून सूक्ष्म. गाळलेले पाणी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे. लवंग घालून प्रासुक केलेले सहा तास. उकळलेले २४ तास. गाडीच्या टाकीतील पाणी हातपाय धुण्यापुरते ठेवायचे आणि पिण्याचे पाणी घरच्या आडाचे गाळून, उकळून, पितळी कळशांत घ्यायचे, असे सूनबाईंनी ठरवले. पुढे प्रत्येक मुक्कामी क्षेत्राच्या विहिरीवरून पाणी मिळेल, म्हणून गाळण्याचे जाड दुहेरी वस्त्र सामानात सर्वात वर. व्यापारी घराला मुदतीचा माल सांभाळणे शिकवावे लागत नाही.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा निश्चित झाला. मोंढ्यात सोयाबीनची आवक ओसरलेली असते आणि तुरीची जोरात सुरू व्हायची असते. एवढ्याच फटीत भुसाराच्या दुकानातून मालकाला बाहेर पडता येते.

रस्त्याचा आराखडा अण्णांनी दुकानातील कच्च्या वहीच्या मागील पानावर मांडला. जिंतूर, मंठा, जालना. तिथून समृद्धी महामार्ग. हा ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर पूर्ण झाला, आणि भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत एकच सरळ रस्ता मिळाला. नातवाचे म्हणणे, सकाळी निघून संध्याकाळी मुंबई. मोटारीने ते शक्यही आहे. पण कॅराव्हॅन उंच आणि डोक्याकडे जड, वाऱ्यात हेलकावते. ती ऐंशीच्या वर पळवू नये, त्यात आजींचे थांबे. पहिल्या दिवशी गजपंथापर्यंतच जायचे, असे अण्णांनी लिहिले. सिन्नरजवळ महामार्ग सोडून नाशिकच्या बाजूस म्हसरूळला यायचे, चारच्या सुमारास पोहोचायचे, उजेडात स्वयंपाक आणि सूर्यास्तापूर्वी जेवण. आजींना डोंगराच्या पायऱ्या चढवणार नाहीत. त्यांनी पायथ्याच्या मंदिरातूनच सिद्धक्षेत्रास वंदन करायचे. धर्मशाळेच्या आवारात गाडी उभी करू देतील का, हे मात्र आधी विचारून घ्यायचे. मोठी गाडी फाटकातून आत शिरते की नाही, इथपासून प्रश्न असतो.

परतीच्या प्रवासावर खरा वाद झाला. नातवाने हिशेब केला : भिवंडीहून सकाळी आठला निघाले तर दुपारी जालना आणि साडेपाचपर्यंत घर. अण्णांनाही एक दिवस वाचवायचा मोह होता. दुकानावर चुलतभाऊ बसणार होता आणि त्याचा स्वतःचा धंदा होताच. साडेपाच म्हणजे जिंतूरच्या सूर्यास्ताला वीस-बावीस मिनिटे शिल्लक. वाटेत एक टायर पंक्चर झाले तरी आजींचा त्या संध्याकाळचा आहार गेला, आणि मंठ्याचा एकेरी रस्ता अंधारात कापावा लागणार. सूनबाई तोपर्यंत काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी १ जुलै २०२३ ची आठवण दिली. सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर मध्यरात्रीनंतर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. जालन्यापासून ते ठिकाण दूर नाही. त्या सकाळी जिंतुरातही कित्येक घरांनी आपले कोणी त्या बसमध्ये नव्हते ना, याची खात्री करून घेतली होती. लांबच लांब सरळ रस्ता, एकसारखा आवाज, वळण नाही. चालकाचे डोळे उघडे असतात आणि लक्ष विझते. समृद्धीवरच्या अपघातांची चर्चा होते तेव्हा हे कारण नेहमी पुढे येते. दिवसभर गाडी हाकलेल्या माणसाला अंधारात आणखी तीन तास बसवणे बरे नव्हे.

“एक दिवस वाढवा,” सूनबाई म्हणाल्या. “कचनेरला मुक्काम करू.”

वही पुन्हा उघडली गेली. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस कचनेर, चिंतामणी पार्श्वनाथांचे अतिशय क्षेत्र. चौथा मुक्काम तिथे, पाचव्या दिवशी दुपारपूर्वी घर. पीठ सात दिवसांचे, म्हणजे त्यातही दोन दिवस हाताशी राहतात. चुलतभावाला अण्णांनी स्वतः जाऊन सांगितले.

राहिली मुंबई. नातवाच्या कल्पनेत गाडी थेट भुलेश्वरात जाऊन चाळीखाली उभी राहणार होती. ज्यांनी ते गल्लीबोळ पाहिले आहेत त्यांना हसू येईल. तिथे हातगाडीला वाट मिळणे कठीण. एवढे मोठे वाहन रात्रभर उभे करण्याची गोष्टच सोडावी. शौचालयाची टाकी कुठे रिकामी करणार, हा प्रश्न वेगळाच. अण्णांचे उत्तर व्यापारातूनच आले. ज्यांच्याशी वीस वर्षे व्यवहार आहे, त्या आडत्यांचे भिवंडीत गोदाम आहे. आवार, नळ, रखवालदार, सर्व आहे. गाडी तिथे ठेवायची आणि पुढे भाड्याच्या मोटारीने शहरात जायचे. चालकालाही दोन दिवस विश्रांती मिळेल.

नातू थोडा हिरमुसला. एवढे घर भाड्याने घेऊन ते शहराच्या वेशीबाहेर ठेवायचे? पण मुंबईत आजींना त्या ओट्याची गरजच नव्हती. धाकटीच्या चाळीतल्या दहा फुटी स्वयंपाकघरातही पाणी गाळूनच भरले जाते आणि दिवेलागणीपूर्वी भांडी पालथी पडतात. फिरत्या घराची आवश्यकता होती ती या दोन स्वयंपाकघरांच्या मधल्या पाचशे किलोमीटरपुरती.

आजी बहिणीकडे राहतील. बाकीच्यांच्या मुक्कामासाठी अण्णांनी सी. पी. टँकच्या हिराबागेत चौकशी केली. हे नाव या घरात जुने. अण्णांचे आजोबा कापसाच्या कामाने मुंबईस जात तेव्हा तिथेच उतरत. जवाहिऱ्याच्या व्यवसायातून उभे राहिलेले दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वडिलांच्या नावाने ती धर्मशाळा बांधली. बाहेरगावचा श्रावक मुंबईत येतो तेव्हा त्याला शुद्ध अन्नपाण्याची आणि मंदिराजवळ राहण्याची अडचण पडते, हे त्यांनी पाहिले होते. दक्षिण आफ्रिकेहून परतलेल्या गांधीजींचा जानेवारी १९१५ मध्ये मुंबईत सत्कार झाला, तोही याच हिराबागेत. भुलेश्वर-गुलालवाडीची दिगंबर मंदिरे तिथून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. मधला पूर्ण एक दिवस कोणताही कार्यक्रम ठेवायचा नाही, असे आजींनी बजावले. नातवाने राणीबाग सुचवली, ती त्याने एकट्याने पाहावी.

निघण्यास आठ दिवस असताना आजींनी धाकटीला दूरध्वनी केला. पीठ दळायला टाकू नकोस, मी आणते, असे सांगून झाल्यावर त्यांची नजर भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे गेली. तिच्यावर छापलेला सूर्यास्त मुंबईचा असतो. जिंतूर मुंबईच्या पूर्वेस असल्यामुळे इथे सूर्य सुमारे पंधरा मिनिटे आधी मावळतो. म्हणून लग्न होऊन या घरात आल्यापासून आजी दररोज छापील वेळेतून पंधरा मिनिटे वजा करून ताट वाढून घेतात.

“तुमच्याकडे त्या दिवशी सहा वाजून आठ मिनिटांनी,” त्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून म्हणाल्या, “म्हणजे काही वजा करायचे नाही ना गं?”

“नाही, अक्का,” पलीकडून उत्तर आले. “इथे जेवढे छापले आहे तेवढे सगळे आपले.”