चरबी वेगळी, चिकटपणा वेगळा

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर उभं राहिलं की एकच वाक्य कानावर येतं. "मामा, मांडीचं द्या, कवळं बघून. चरबी अजिबात नको." आमच्या बेळगावात तेच आणि माहेरी निपाणीतही तेच. मान, सीना, फरा, नळ्या मागून घेणारं गिऱ्हाईक आता रांगेत एखादंच. त्यातली एक मी, आणि आज जरा त्या बाजूनं भांडणार आहे.

भांडण घरातूनच सुरू झालं. २०१९ साली आप्पांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी तेल, तूप, चरबी कमी करायला सांगितलं. बरोबरच सांगितलं, त्यावर माझा काही वाद नाही. पण घरात त्याचा अर्थ भलताच लावला गेला. दादानं पुण्याहून फोनवर फर्मान काढलं, मटण आणायचंच तर बिनहाडाचं, मांडीचं, साफ करून. आई बिचारी तेच आणायची आणि कुकरला सात-आठ शिट्ट्या द्यायची. तुकडे दोऱ्यासारखे सुटायचे आणि तरी कोरडे लागायचे. रस्सा म्हणजे मिरचीचं पाणी. मग वर तर्री दिसावी म्हणून त्यात दोन डाव तेल! म्हणजे चरबी काढायला सांगितली आणि आम्ही तेल ओतलं. आप्पा दोन घास खाऊन ताट सारायचे. मटणाचं सोडा, त्यांचं एकूण जेवणावरचं मनच उडालं. सहा महिन्यांत सात किलो वजन उतरलं, आणि ते काही पथ्यानं उतरलं नव्हतं.

तेव्हा त्यांना बघायला निपाणीची आत्ती आली. तिच्या घरी तंबाखूची शेती. काढणीच्या दिवसांत पंधरा-वीस माणसं जेवायला असायची आणि एवढ्या पानांना मांडीचं मटण कुठनं परवडणार? मान, नळ्या, सीना आणि एखाद्या जून बोकडाचा फरा यायचा. संध्याकाळी चुलीवर चढलेलं भगुलं रात्री उशिरा उतरायचं. लहानपणी तो रस्सा मी जोंधळ्याच्या भाकरीबरोबर खाल्लाय, बोटं एकमेकांना चिकटायची. आत्तीनं आमचं पातेलं उघडून बघितलं आणि म्हणाली, "काय करालीस गं हे? रश्श्याला चव चरबीची न्हवं, चिकटपणाची असतीया. मान आण, रात्री शिजवून ठेव. सकाळी चरबी वर येऊन बसतीया, भाकरीगत उचलून टाक."

आम्ही चरबी आणि चिकटपणा एकच समजत होतो. जनावर ज्या अवयवानं जास्त काम करतं, मान आणि पाय, तिथं मांसाला बांधून ठेवणारे पांढरे धागे जास्त असतात. कच्चं असताना तेच वातड लागतात. पण पाण्यात मंद आचेवर दोन-तीन तास ठेवलं की ते विरघळतात आणि रश्श्याला दाटपणा येतो. तो चरबीचा दाटपणा नव्हे. मांडीत हे धागे कमी, म्हणून ती लवकर शिजते आणि जास्त शिजवली की सुकते. मान उलटी. तासाभरानं चाखली तर चप्पल, अडीच तासांनी लोणी. लोक तासाभरात चाखतात आणि "मटण निबर निघालं" म्हणून खाटकाच्या नावानं बोटं मोडतात.

कुकरला माझा विरोध नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, इथं पाणी शंभर अंशांच्या जरा आधीच उकळतं. कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून काम लवकर होतं. माझा विरोध शिट्ट्या मोजण्याला आहे. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक, तीस-पस्तीस मिनिटं, आणि मग वाफ आपली आपण जिरू द्यायची. शिट्टी उचलून वाफ सोडायची नाही. पातेल्यात करणार असाल तर झाकणावरच्या ताटात पाणी ठेवा आणि लागेल तसं तेच गरम पाणी आत घाला, गार पाण्यानं उकळी मोडते. हळद, मीठ, आलं-लसूण पहिल्यापासून घाला. मिठानं मटण कडक होतं हे खरं नाही. कच्ची पपई वरवरचं मांस पार भुगा करते आणि आत पोचत नाही. आत्ती सुपारीचं खांड टाकते. त्यात मला काही तथ्य वाटत नाही, पण तिच्यासमोर बोलायची हिंमतही नाही.

आत्तीच्या घरी थंडीत भगुलं रात्रभर बाहेरच राहायचं. आपण तसं करू नये. कोमट झालं की फ्रिजमध्ये ठेवावं. सकाळी वर पांढरी घट्ट चकती असते. पहिल्यांदा मी किलोभर मानेच्या मटणावरून वाटीभर चरबी उचलली आणि बघतच राहिले. खाली आळणी पाणी खरवसासारखं थरथरत होतं. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. फोडणीला चमचाभर तेल बास. खोबऱ्याला आणि तिळाला स्वतःचं तेल असतं, हे आपण विसरतो. ही चरबी परत फोडणीत घालायचा मोह होईल, मलाही होतो. ज्यांचं हृदय ठणठणीत आहे त्यांनी थोडी घालावी. त्यांनी ती कांद्याबरोबर परतून बघावी, वेगळं तेल लागणारच नाही.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. महिन्यातून एकदा, वाटीभर, वरची चरबी काढून, चालेल म्हणाले. हे आमच्या आप्पांपुरतं, तुमच्या घरात तुमच्या डॉक्टरांना विचारा. दादाला अजून पटलेलं नाही. त्याच्या मते मी वडिलांच्या जिभेचे चोचले पुरवते. मला वाटतं, घरात एक माणूस ताटावरून उठून जात असेल, तर त्याचं पथ्य नीट चाललंय असं म्हणता येत नाही. आणि तेलाच्या तर्रीवर दादानं कधी आक्षेप घेतला नव्हता, हेही इथं नमूद करते.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी निपाणीला जाते. शनिवारीच आईला फोन करून मान आणायला सांगते. दुकानदारमामा आईला विचारतात, "वैनी, पाहुणे येणार काय?" आप्पा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. एक वाटी रस्सा, दोन तुकडे, दीड भाकरी, आणि ताट स्वच्छ. नळी मात्र मी त्यांना देत नाही. आतला मगज म्हणजे जवळपास चरबीच, ती काही वर येऊन बसत नाही. आप्पांना हे मान्य नाही. गेल्या वेळी ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "आत्तीला फोन लाव, तिला विचारू." मी लावला नाही.