वाळूतला उजेड

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुना प्लेस्टेशन 2 खाली आला. चादरीत गुंडाळलेला, कंट्रोलरच्या वायरी करकचून बांधलेल्या. भाचा मागेच लागला, ‘मामा, तू नेहमी सांगतोस तो प्रिन्सचा गेम लाव ना!’ नव्या 55 इंची टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना जोडायच्या तर ॲडॉप्टर हवा. तो शोधण्यात अर्धा तास गेला. मग एकदाची डिस्क फिरली, राजवाडा उघडला आणि माझा चेहरा पडला.

कडा करवतीच्या दात्यांसारख्या, राजपुत्राचं तोंड कणकेच्या गोळ्यासारखं, हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली. भाचा काही बोलला नाही. त्याचं ते गप्प बसणंच मला लागलं.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ हा 2003 चा खेळ. पहिल्या पगारातून घेतलेल्या त्या मशीनवर, पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत, 21 इंची डबा टीव्हीवर मी तो खेळलो. झरोक्यातून येणारं पिवळसर धुरकट ऊन, हलणारे पडदे, वाळूचा चमकता खांब दिसला की ‘आता खेळ सेव्ह होणार’ म्हणून सुटकेचा श्वास. चुकून कड्यावरून पडलो तर खंजिरातली वाळू वापरून काळच मागे न्यायचा. ते सगळं मला अगदी खरं दिसलं होतं, आणि ती माझी बाळबोध समजूत नव्हती. डबा टीव्हीच्या काचेवर ठिपक्याचा उजेड शेजारच्या ठिपक्यात थोडा सांडतो, कडा विरघळतात, रंग एकमेकांत मुरतात. त्या काळचे कलाकार हे गृहीत धरूनच चित्र करत. आजचा टीव्ही त्या जेमतेम पाचशे ओळी ताणून 2160 ओळींवर पसरतो आणि चित्रातली शिवण न् शिवण उसवून दाखवतो.

म्हणून या खेळाची नवी आवृत्ती येणार, ती पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत घडतेय, हे 2020 च्या सप्टेंबरमध्ये कळलं तेव्हा मला भरून आलं होतं. हा खेळ काढणाऱ्या यूबीसॉफ्ट कंपनीचं पुण्यातलं ऑफिस 2008 पासूनचं. एवढ्या मोठ्या नावाचा खेळ आपल्या गावातली पोरं उभा करतायत, यापरतं काय हवं? ट्रेलर लावला. संपल्यावर पुन्हा लावला, कारण पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास बसेना. कातडी प्लॅस्टिकची वाटत होती, चेहरे ताठ होते, आणि ते ऊन कुठेच नव्हतं. ट्यूबलाइट लावावी तसा सगळीकडे सारखा उजेड. जगभरातून टीका झाली. जानेवारी 2021 ला येणारा खेळ आधी मार्चवर आणि मग बेमुदत पुढे गेला. 2022 च्या मे महिन्यात तो मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवला गेला. पुण्या-मुंबईच्या हातून तो लोकांपर्यंत पोचलाच नाही.

मला तेव्हा दोन गोष्टींचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. एक, ‘इंडियन स्टुडिओ, दुसरं काय होणार’ असं म्हणणाऱ्यांचा. दुसरा, शिजायच्या आत पान वाढणाऱ्यांचा. अशा नव्या आवृत्तीला जुन्या खेळाशी सामना करायचा नसतो, माणसांच्या आठवणीशी करायचा असतो. आठवणीतल्या राजवाड्याला करवतीचे दाते नसतात. तिथे नुसते ठिपके वाढवून भागत नाही, उजेड कुठून येतो आणि कुठे अडतो हे ठरवावं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि तो द्यायचा की नाही हे कंप्युटरपुढे बसलेली पोरं ठरवत नाहीत.

आपली पोरं कमी पडत नाहीत याचा पुरावा त्या ट्रेलरच्या महिनाभर आधीच आला होता, आणि तोही पुण्यातूनच. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ ऑगस्ट 2020 मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला. मूळ स्विचचा स्वतःचा पडदा 6.2 इंचाचा, त्यावर 1280 गुणिले 720 ठिपके. ताकदीने सगळ्यांत लहान मशीन. पण भाऊ गोलूला शोधत निघालेली ती सर्कशीतली मुलगी राजस्थानी वळणाच्या महालांतून पळते तेव्हा खांबांच्या सावल्या, भिंतीवरची चित्रं, कथा सांगणाऱ्या छायाबाहुल्या यांत नजर अडकते. जवळून पाहिलं तर चित्र मऊ आहे, कडा धूसर आहेत. तरी मी कितीदा नुसता थांबून बघत बसलो. कॅमेरा दूर ठेवायचा, म्हणजे चेहऱ्याच्या बारकाव्यांवर खर्च होणारी ताकद महालावर लावता येते, ही निवड मला फार जाणती वाटते.

ही जाण या राजपुत्राच्या जन्मापासूनची आहे. जॉर्डन मेकनरने पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ 1989 मध्ये ॲपल टू या संगणकासाठी केला, तेव्हा धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चौकट काढली. ॲपल टूचा पडदा 280 गुणिले 192, म्हणजे 53,760 ठिपके. आजच्या फोर-केला 82,94,400 लागतात. पण त्या मूठभर ठिपक्यांत कड्याला लोंबकळणाऱ्या माणसाचं वजन दिसतं.

उलट 2020 मध्येच, 10 डिसेंबरला आलेल्या ‘सायबरपंक 2077’ ची जुन्या प्लेस्टेशन 4 वर काय दशा झाली ते आठवा. भिंतींवरचे तपशील उशिरा उमटायचे, चित्र अडखळायचं, खेळ मधेच बंद पडायचा. आठवड्याभरात प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत केले. खेळ बनवणाऱ्यांनी जाहीर माफी मागितली. जुनं मशीन असलेल्यानेही पैसे पूर्णच मोजले होते. त्याला अमुक मशीनवर खेळ असा दिसेल, हे आधी दाखवायला हवं होतं. कपडा घेताना आपण तो उजेडात नेऊन बघतो, तेवढा हक्क खेळ घेणाऱ्यालाही हवा.

माळ्यावरून मशीन काढलं त्या रात्री मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरलो. शार्पनेस शून्यावर आणला, चित्र ताणलं जात होतं ते मूळ चौकोनात बसवलं, खोलीतला दिवा घालवला आणि भाच्याला पलंगाच्या मागच्या टोकाला बसवलं. करवतीचे दाते बरेच बोथट झाले. राजपुत्र भिंतीवरून तिरका धावला, कडा हुकली, खाली गेला. ‘बटण दाबून धर,’ मी म्हटलं. काळ मागे सरकला, राजपुत्र उलटा वर आला, पुन्हा भिंतीशी उभा. ‘परत!’ भाचा ओरडला आणि या वेळी मुद्दाम पडला.

अकराला ताईचा फोन आला. मशीन चादरीत गुंडाळायला घेतलं तसा भाचा म्हणाला, ‘मामा, माळ्यावर नको ना टाकूस. मी उद्या येतोय.’