आधी बोर्ड, मग प्रोसेसर

आमच्या सिहोऱ्यात कुणाकडे नवा कॉम्प्युटर आला की बघायला येणारा पहिला प्रश्न विचारतो, "आय-फाइव्ह आहे का आय-सेव्हन?" मदरबोर्ड कोणता, असे विचारणारा मला अजून भेटायचा आहे. गेम खेळण्यासाठी घरच्या घरी यंत्र जुळवू पाहणाऱ्या मित्रांनी हाच प्रश्न आधी विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. (गेमचे नाव काढताच आमच्या काही प्राध्यापकांच्या कपाळावर आठ्या पडतील, हे ठाऊक आहे. परंतु माझे निबंधही कॉम्प्युटरवरच टाइप होतात, हे नम्रपणे नमूद करतो.)

या मतामागे घरचा अनुभव आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात बाबांनी धानाच्या चुकाऱ्यातून मोठ्या भावाला कॉम्प्युटर घेऊन दिला. दुकानदार म्हणाला, एकदम लेटेस्ट, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. खोटे काहीच नव्हते. पण ऑक्टोबरात इंटेलची आठवी पिढी आली. प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटचे नाव तेच, एलजीए ११५१, पिनाही तेवढ्याच, तरी आमच्या बोर्डवर तो चालेना. त्याला ३०० मालिकेचा नवा बोर्ड हवा होता. २०२१ मध्ये विंडोज ११ आले, तेही इंटेलच्या बाबतीत, अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून पुढे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. यंत्र अजून धडधाकट आहे, भाऊ त्यावर सिनेमे पाहतो. प्रोसेसर तेवढा बदलून भागले असते. वाट अडवली ती बोर्डने.

याउलट तुमसरच्या माझ्या मामेभावाने २०१८ मध्ये एएमडीचा साधा रायझन ३ २२००जी घेतला आणि वाचलेले पैसे बी४५० बोर्डवर घातले. आम्ही त्याला हसलो होतो. गेल्या पावसाळ्यात त्याने त्याच बोर्डवर २०२१ सालचा रायझन ५ ५६००जी बसवला. चार कोअरचे सहा झाले, आणि विंडोज ११ ची अटही आपोआप पुरी झाली.

हे काम वाटते तितके सोपे मात्र नाही. नवा प्रोसेसर ओळखण्यासाठी बोर्डचे बायोस आधी नवे करावे लागते, आणि बहुतेक साध्या बोर्डवर तेही जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. पेनड्राइव्ह लावून आम्ही सुरुवात केली. हे चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो. बाहेर विजा चमकत होत्या, मामी दर मिनिटाला विचारी, "झालं का गा?" इन्व्हर्टर होता, पण त्याच्या बॅटरीवर कुणाचाच भरवसा नव्हता. पडद्यावरची टक्केवारी शंभरावर गेली तेव्हा मी श्वास सोडला. बारावीच्या निकालालाही मी इतका घाबरलो नव्हतो.

कुणी म्हणेल, मग हा लेख एएमडीच्या जाहिरातीचा. तसे नाही. २०२० च्या मे महिन्यात याच कंपनीने जाहीर केले होते की पुढच्या पिढीचे प्रोसेसर ४०० मालिकेच्या बोर्डवर चालणार नाहीत. ग्राहकांनी ओरड केली तेव्हा काही दिवसांतच तिने माघार घेतली. उलट इंटेलच्या २०२१ च्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या बसल्या. तेव्हा कंपनीवर भक्ती नको, सॉकेटवर नजर हवी.

गंमत अशी की एके काळी ही भिंतच नव्हती. पुण्यात जन्मलेले विनोद धाम हे इंटेलच्या पेन्टियमचे जनक म्हणून ओळखले जातात; पेन्टियम आला १९९३ मध्ये. पुढे ते इंटेल सोडून गेले आणि एएमडीच्या १९९७ च्या के६ मध्येही त्यांचा हात होता. तो के६ पेन्टियमच्याच सॉकेट ७ मध्ये बसत असे! म्हणजे एकाच बोर्डवर दोन्ही कंपन्या नांदत. आज तसे स्वप्नातही नाही.

आता पाळी माझी आहे. बाबांनी विचारले, "कायले पायजे गा तुले हा डबा?" मी सांगितले, बैल बाजारात बदलता येतो, बांधी बदलता येत नाही, तसा हा बोर्ड. ते काही बोलले नाहीत, पण नकारही दिला नाही. माझा विचार एएम५ सॉकेटच्या बोर्डचा आहे. हे सॉकेट २०२२ चे असून २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवू, असे कंपनीचे जाहीर वचन आहे. त्यावर सध्या रायझन ५ ८५००जी. नावातल्या 'जी'मुळे चित्र दाखवण्याची सोय प्रोसेसरमध्येच आहे, निराळे ग्राफिक्स कार्ड आज घ्यावे लागत नाही. (इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर ही सोय नसते. स्वस्त दिसतो म्हणून तो घेऊन पुढे काळा पडदा बघत बसू नये.) मोठे गेम हलक्या सेटिंगवर खेळावे लागतील, ते मला मान्य आहे.

अडचण एकच. एएम५ ला डीडीआर५ मेमरीच लागते, आणि २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकले. म्हणून सीताबर्डीच्या दुकानांतून कोटेशने तेवढी आणून ठेवली आहेत. धानाचा चुकारा अजून यायचा आहे.