गाणारीचे नाव

गेल्या पावसाळ्यात वही परत करायला मी आमच्या एका सरांच्या घरी गेले होते. दिवाणखान्यात भिंतीला लागून एक लांबट लाकडी कपाट होते. भांड्यांचे असेल असे मला वाटले. सरांनी वरची फळी उचलली, तर आत तबकडी फिरवण्याचे यंत्र! रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच पेटीत. याला रेडिओग्राम म्हणतात हे मला त्या दिवशी कळले. ज्या घरात पुस्तकांनाही कपाट नाही, तिथे गाण्याला कुठून असणार?

त्या पेटीवरून सरांनी एक हकीकत सांगितली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात खुर्च्या बनवणारी एक कंपनी होती. ती ग्रामोफोनच्या लाकडी पेट्या बनवू लागली आणि पुढे ‘पॅरामाउंट’ या नावाने तबकड्याही काढू लागली. पेटी खपायची तर तबकडी हवीच. म्हणजे गाणे आले ते लाकडी सामानाच्या पाठीमागून! या कंपनीने अनेक कृष्णवर्णीय लोकगायकांचे आवाज नोंदवले. १९२९ मध्ये चार्ली पॅटन यांची एक तबकडी तिने ‘मास्क्ड मार्व्हल’, म्हणजे मुखवट्यातला चमत्कार, अशा नावाने विकली. गाणारा ओळखा आणि एक तबकडी फुकट मिळवा, अशी ती जाहिरात होती. पुढे १९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांनी जुन्या तबकड्यांतून ८४ गाणी निवडून लोकसंगीताचा मोठा संग्रह काढला. त्यातही पॅटन यांचे गाणे आले ते त्याच मुखवट्याच्या नावाने.

व्यापाऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण पॅटन १९३४ मध्ये वारले आणि त्यांचा आवाज मात्र राहिला, हे श्रेय त्याला द्यावेच लागेल. माझी तक्रार आवाजाबद्दल नाही, नावाबद्दल आहे. आपल्याकडे १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे नोंदवले गेले, तेव्हा गाणे संपताच त्या आपले नाव सांगत. तबकड्या जर्मनीत तयार होत. तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळावे, एवढाच त्यामागचा हेतू. सोय कारखान्याची, पण नाव टिकले!

कोणी म्हणेल, लोकगीत सर्वांचे; तिथे नाव कशाला? मीही तसेच म्हणत होते. गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या गटाने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. टाळ्या पडल्या, बक्षीस मिळाले. त्या ओव्या मी आईकडून घेतल्या होत्या. काही आजीच्या, दोन आईने स्वतः जुळवलेल्या. जाते आता फक्त हळदीला निघते; आई त्या दुसऱ्याच्या रानात खुरपताना म्हणते. कार्यक्रमपत्रिका माझ्याच हस्ताक्षरात होती. ओव्यांपुढे मी लिहिले, ‘पारंपरिक’. खरे सांगते, मला लाज वाटली. आईचे नाव लिहिले असते तर कोणीतरी विचारले असते, त्या काय करतात?

मित्रहो, तो मुखवटा कुठल्या कंपनीने चढवला नव्हता, मी चढवला होता. ‘पारंपरिक’ हा शब्द फार सभ्य दिसतो, पण त्याच्याआड किती बायका बसल्या आहेत! हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही टिपून ठेवले. ते त्यांना जमले, तर एका पानाची पत्रिका काढणाऱ्या आपल्याला का जमू नये?

म्हणून सांस्कृतिक मंडळाला माझी विनंती आहे. यंदा प्रत्येक लोकगीताखाली ते कोणाकडून शिकले, त्या व्यक्तीचे नाव आणि गाव छापावे. आईला मी विचारले, तुझे नाव घालू का? ती खुरपे धूत होती. म्हणाली, “आधी तुझ्या आजीचं टाक.”