पोषण आहार आठवीत थांबू नये

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये जवळच्या सहा गावांतील बायांचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. पण पाठीवरच्या कातडीची चिमूट धरून चरबी मोजली, तेव्हा ती जवळजवळ तितकीच निघाली. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. दिसायला हडकुळे, आतून चरबीचे असे मूल मधुमेहाचा धोका घेऊनच जन्माला येते. ‘एवढ्या बारीक माणसाला साखर कशी झाली?’ या घरोघरी पडणाऱ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इथे आहे. आनुवंशिकता आहे, बैठी कामे आहेत. तरीही सारा दोष रुग्णाच्या जिभेला देणे अन्यायाचे आहे.

पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या आयांची बाळे अंगाने चांगली होती. शेतात राबणाऱ्या, विहिरीचे पाणी वाहणाऱ्यांची लहान. बहुतेकींच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्या आईचे फॉलेट जास्त आणि बी-12 कमी, त्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देईनासे झाले होते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी सोडायची नाही. बाळाच्या मज्जारज्जूसाठी ती हवीच. तिच्या जोडीला बी-12 हवे.

राज्याची अमृत आहार योजना आदिवासी भागात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत चौरस जेवण देते. ते द्यायलाच हवे. पण बाळाचे हृदय आणि मेंदू घडू लागतात तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ‘सरस’ प्रकल्पात पालेभाजी, फळे आणि दुधाचा खाऊ गर्भधारणेआधीपासून दिला गेला. गरोदरपणातील मधुमेह घटला. किमान तीन महिने आधी खाऊ सुरू झालेल्यांच्या बाळांचे वजनही थोडे वाढले. मात्र अगदी कृश आयांच्या बाळांना तो लाभ दिसला नाही. तिथे तीन महिनेही अपुरे पडले.

म्हणजे सुरुवात मुलगी शाळेत असतानाच व्हायला हवी, आणि नेमका तिथेच आपण हात आखडता घेतो. शालेय पोषण आहार आठवीला संपतो. नववीतल्या मुलीला आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, जेवण नाही. येत्या अर्थसंकल्पात नववी ते बारावीच्या मुलींसाठी दुपारचे जेवण, सोबत अंडे किंवा दूध आणि त्या गोळीला बी-12 ची जोड, एवढी तरतूद सरकारने करावी.