गुंतागुंत म्हणजे हुशारी नव्हे

विज्ञान प्रदर्शनात ज्या यंत्राला चाके आणि तरफा जास्त, त्यालाच बहुधा बक्षीस मिळते. मला हे पटत नाही. का, ते स्वित्झर्लंडच्या जुन्या सबमशीनगनांवरून पाहा. शस्त्र हे संहाराचे साधन खरे. पण येथे उद्भवणारा प्रश्न कोणत्याही यंत्राला लागू पडतो.

सबमशीनगन पिस्तुलाची काडतुसे एकामागून एक झाडते. पहिल्या महायुद्धानंतर नॉयहाउझेन येथील सिग कारखान्याने बर्गमान या जर्मन बंदुकीची स्विस आवृत्ती बनवली. तिच्या नळीमागे एक जड पोलादी बोल्ट आणि त्यामागे स्प्रिंग असे. बोल्टला कडी नाही की कुलूप नाही. मग बार उडताच तो एकदम मागे का उसळत नाही?

याचे उत्तर संवेग अक्षय्यतेच्या सिद्धांतात आहे. समजा, गोळी 8 ग्रॅमची आणि बोल्ट 640 ग्रॅमचा आहे. बोल्ट 80 पट जड, म्हणून त्याचा वेग गोळीच्या वेगाच्या सुमारे ऐंशीवा हिस्सा. गोळी नळीतून 20 सेंटिमीटर पुढे जाते, तोवर बोल्ट जेमतेम अडीच मिलिमीटर मागे सरकतो. गोळी बाहेर पडताच नळीतील दाब ओसरतो. बोल्ट मात्र मिळालेल्या वेगाने मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे ढकलते. जडत्व हेच येथे कुलूप!

1930 नंतरच्या दशकात सिगने दोन भागांचा, क्षणभर अडखळून मागे जाणारा बोल्ट करून पाहिला. पुढच्या नमुन्यांत तोच कारखाना साध्या बोल्टकडे परतला.

खरा धडा पुढेच आहे. जून 1940 मध्ये फ्रान्स पडला आणि स्वित्झर्लंड जवळजवळ चहूबाजूंनी वेढला गेला. सैन्याला सबमशीनगन तातडीने हव्या होत्या. 1941 मध्ये निवड झाली ती बर्नच्या सरकारी शस्त्र कारखान्याचे प्रमुख अडॉल्फ फुरर यांच्या बंदुकीची. तिच्यात गुडघ्यासारखी दुमडणारी सांधेजोड होती. फुरर यांच्या 1925 च्या हलक्या मशीनगनमध्ये अशीच रचना होती. तेथे रायफलचे जोरकस काडतूस असल्याने कुलूप आवश्यकच होते. पिस्तुलाच्या काडतुसाला त्याची गरज नव्हती. कारागिरी उत्तम, पण बंदूक महाग, आणि बनवायला वेळखाऊ. वेळ तर हाताशी नव्हताच! अखेर साध्या बोल्टची फिनलंडची सुओमी बंदूक परवाना घेऊन स्वित्झर्लंडमध्ये बनवावी लागली.

साधेपणालाही किंमत असते. जड बोल्टच्या हिसक्याने नेम हलतो. म्हणून साधे तेवढे चांगले, असेही मी म्हणत नाही. प्रत्येक भागाने आपल्या असण्याचे कारण दिले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

शिक्षक बंधुभगिनींनो, प्रदर्शनात गुण देण्यापूर्वी मुलांना एकच प्रश्न विचारा: "यातला कोणता भाग काढला तरी चालेल?" ज्याला याचे उत्तर कारणासह देता येईल, त्याला आपले यंत्र खरोखर समजले आहे.