गडाची किल्ली

सह्याद्रीच्या माथ्यावर गगनबावडा वसलेला आहे. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट येथून कोकणात उतरतात आणि या वाटांवर नजर ठेवीत गगनगड उभा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकात तो बांधविला, असे सांगतात. पुढे बावडा ही रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर झाली. ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीवरील प्रसिद्ध ग्रंथ याच अमात्यांच्या नावावर आहे आणि त्यात गडांच्या बंदोबस्ताचा मोठा विचार केलेला आहे. घाटाने माल यावा-जावा, परंतु शत्रूने वर येऊ नये, या दोन्ही गोष्टी साधणे हे गडाचे काम होते.

गडांचे ते दिवस गेले; राखणीची गरज मात्र गेलेली नाही. आज बँकेचा व्यवहार, विजेचे बिल, सातबाऱ्याचा उतारा हे सारे मोबाईलच्या वाटेने घरात येते. त्याबरोबर पासवर्ड, ओटीपी, मालवेअर, फायरवॉल, फिशिंग असे नवे शब्दही आले. हे शब्द तज्ज्ञांचे आहेत, आपल्याला त्यांच्याशी काय कर्तव्य, असे पुष्कळ लोक म्हणतात. माझ्या मते ही समजूत घातक आहे. दाराला कडी का लावावी, हे कळण्यासाठी कोणाला सुतार व्हावे लागत नाही.

पासवर्ड म्हणजे दरवाज्याची किल्ली. ती जितकी लांब व अनपेक्षित, तितकी चांगली. स्वतःचे नाव किंवा जन्मतारीख हा पासवर्ड ठेवणे म्हणजे किल्ली उंबऱ्यावर ठेवून गावाला जाणे होय. सर्व ठिकाणी एकच पासवर्ड ठेवला, तर एक दार उघडणाऱ्याला सारीच दारे मोकळी होतात. शिवकालीन गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत. कोणा एकाच्या फितुरीने गड जाऊ नये, हा त्यामागील विचार होता. दुपदरी पडताळणीचा विचार तोच आहे. पासवर्ड चोराच्या हाती लागला, तरी मोबाईलवर येणारा ओटीपी त्याच्यापाशी नसतो. ओटीपी ही एकदाच चालणारी किल्ली असल्यामुळे ती मागणारा माणूस कितीही गोड बोलला, तरी ती देऊ नये.

फायरवॉल म्हणजे वेशीवरचा पहारेकरी. कोणता संदेश आत सोडावा आणि कोणता अडवावा, हे तो ठरवितो. मालवेअर म्हणजे साळसूद रूपाने आत शिरून घात करणारा आज्ञासंच. रायगडाच्या हिरकणीची कथा तुम्हांला ठाऊक असेल. दरवाजे बंद झाल्यावर ती माउली बाळाच्या ओढीने ज्या कड्यावरून उतरली, तेथे महाराजांनी बुरूज बांधविला, असे ती कथा सांगते. जेथून आई उतरते, तेथून शत्रूही चढू शकतो. मोबाईलवर येणारा ‘अपडेट’ पुष्कळदा असाच एखादा उघडा पडलेला कडा बुजवीत असतो. तो ‘उद्या पाहू’ म्हणून टाळू नये.

फिशिंग म्हणजे आमिष लावून टाकलेला गळ. पावसाळ्यात घाटमाथ्यावर दाट धुके उतरले, की समोरून येणारा आपला की परका, हे कळत नाही. फोनवरील आवाजाचेही तसेच आहे. ‘मी बँकेतून बोलतो’ असे कोणीही म्हणू शकतो. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. तो पैसे देण्यासाठी लागतो. एवढे एक वाक्य ज्याला ठाऊक आहे, तो अनेक फसवणुकींतून वाचेल. संकेतस्थळाच्या पत्त्याजवळील कुलपाच्या खुणेवरही विसंबू नये. वाटेत तुमचा मजकूर कोणी वाचू शकत नाही, एवढेच ती सांगते. पलीकडचा मालक प्रामाणिक आहे, असे सांगत नाही.

तथापि सारा भार सामान्य माणसावर टाकणेही न्याय्य नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून चोरट्यांनी चौऱ्याण्णव कोटींहून अधिक रुपये पळविले. पैसे द्यावेत काय, असे एटीएम यंत्र बँकेच्या यंत्रणेस विचारते. चोरट्यांनी मालवेअरच्या साहाय्याने होकार देणारी बनावट यंत्रणाच उभी केली आणि बनावट कार्डांनी अनेक देशांत पैसे काढले; त्यांत आपल्या कोल्हापुरातील यंत्रेही होती. यात ठेवीदारांनी कोणाला ओटीपी सांगितला नव्हता. म्हणून ज्यांच्या हाती मोठे दरवाजे आहेत, त्यांनी मोठा पहारा ठेवलाच पाहिजे.

अशा वार्ता ऐकून काही वडीलधारी माणसे म्हणतात, ‘हे यंत्रच नको.’ त्यांची भीती खोटी नाही. पण उपाय खरा नाही. दरवाजा कायमचा बंद केलेल्या गडावर दाणागोटा येत नाही. दुसरे काही जण फसलेल्यालाच हसतात. त्यामुळे तो शरमेने गप्प बसतो आणि चोराला वेळ मिळतो. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. चोरीचा पैसा झपाट्याने एका खात्यातून दुसऱ्यात जातो, म्हणून येथे प्रत्येक घटका मोलाची असते.

विद्यार्थिमित्रांनो, घरातील आजी-आजोबांना हे शब्द मराठीत, त्यांना रुचेल अशा रीतीने समजावून सांगणे हे तुमचे काम आहे. त्यांचे हसू करू नका. गडाची, दाराची आणि किल्लीची भाषा त्यांना तुमच्याहून चांगली कळते. ज्या गावात शेवटच्या घरातील माणूसही अनोळखी आवाजाला ‘आधी खात्री करतो’ असे निर्भयपणे सांगू शकेल, त्या गावाचा बंदोबस्त पक्का झाला असे समजावे.